फॉन्ट टाकला तरी मराठी दिसत नाही: एक्स्टेन्शन बदलण्याआधी हे तपासा

दिवाळी अंकांची पानं लागायला लागली की हा प्रश्न हमखास येतो. लेखकाने फाइल पाठवलेली असते, सोबत फॉन्टही जोडलेला असतो. फॉन्ट टाकला, फाइल उघडली, तर पानभर भलतंच काहीतरी. मग कुणीतरी जाणकार सांगतो, ‘अहो, हा टीटीएफ आहे, ओटीएफ मागवा.’ टीटीएफ आणि ओटीएफ हे फॉन्टच्या फाइलींचे दोन प्रकार, फाइलच्या नावामागच्या एक्स्टेन्शनवरून ओळखायचे. ओटीएफ येतो आणि गोंधळ जिथल्या तिथे. मग ऑनलाइन कन्व्हर्टर, मग फाइलचं नाव बदलून पाहणं, आणि शेवटी ‘तुम्ही पीडीएफच पाठवा ना’. त्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की नवाच तमाशा.

यात वेळ वाया जातो तो निदान चुकल्यामुळे. मराठी बिघडण्याची कारणं मुख्यतः तीन: मजकूर कोणत्या संकेतांत (म्हणजे अक्षरांसाठी ठरवलेल्या आकड्यांत) साठवला आहे, फॉन्टच्या आत काय आहे, आणि सॉफ्टवेअरला देवनागरी जुळवता येते का. टीटीएफ की ओटीएफ हा प्रश्न या तिन्हींनंतरचा. बहुतेक वेळा तो विचारायची वेळच येत नाही.

आधी नीट बघा, गोंधळ कसला आहे

स्क्रीनवर दिसणारी घाण एकसारखी नसते. ती वाचता आली की अर्धं काम झालं.

साधी इंग्रजी अक्षरं दिसत असतील, म्हणजे ‘मराठी’ या शब्दाच्या जागी ई, जे, के, मग कॅपिटल बी आणि शेवटी एच, तर मजकूर कृतिदेव या जुन्या पद्धतीच्या फॉन्टातला आहे. काही हरवलेलं नाही. संगणकाच्या दृष्टीने लेखकाने खरोखरच ती इंग्रजी अक्षरं टाइप केली आहेत. त्यांच्यावर मराठी चित्रं चढवण्याचं काम फॉन्ट करत होता, आणि तो फॉन्ट तुमच्याकडे नाही.

युरोपीय भाषांतली टिंबं-टोप्या घातलेली अक्षरं आणि मधूनमधून चित्रविचित्र चिन्हं दिसत असतील, तर मजकूर बहुधा सी-डॅकच्या आयएसएम या भारतीय भाषांच्या सॉफ्टवेअरमधल्या डीव्ही-टीटी जातीच्या किंवा श्रीलिपी या तशाच सॉफ्टवेअरच्या फॉन्टातला असतो. हाही वाचवता येतो. मात्र तो नोटपॅडमध्ये साध्या टेक्स्टच्या रूपात सेव्ह करू नका. साध्या इंग्रजी अक्षरांपलीकडची ही चिन्हं त्यात हरवू शकतात, आणि एकदा गेली की गेली.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा ए, त्याच्या शेजारी चलनाचं गोल चिन्ह किंवा जपानी येनचं चिन्ह, आणि हीच जोडी ओळभर पुन्हा पुन्हा येत असेल, तर फॉन्टचा काडीचाही दोष नाही. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे संकेत देणाऱ्या जागतिक पद्धतीत, यूटीएफ-८ प्रकाराने नीट साठवलेला आहे. उघडणाऱ्या सॉफ्टवेअरने तो जुन्या पाश्चात्त्य संकेतांत वाचला आहे. सदस्यांच्या याद्यांची सीएसव्ही फाइल डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की हे होतं. एक्सेलमधल्या ‘डेटा’ टॅबवरून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ने फाइल आणा आणि संकेत विचारल्यावर यूटीएफ-८ निवडा. पाच मिनिटांचं काम. यासाठी लोकांनी फॉन्ट विकत घेतलेले मी पाहिले आहेत.

रिकामे चौकोन दिसले तर अक्षर जागेवर आहे, पण लावलेल्या फॉन्टमध्ये त्याचं चित्र नाही. सगळाच मजकूर चौकोनी असेल तर देवनागरी असलेला फॉन्ट लावून बघा. फक्त ‘ॲप’, ‘ॲड.’, ‘ॲसिड’ अशा शब्दांत चौकोन येत असेल तर फॉन्ट जुना आहे. ‘ॲ’ला स्वतःचा संकेत २००८ साली, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत मिळाला. त्याआधी बनलेल्या आणि नंतर न सुधारलेल्या फॉन्टांत तो नसणारच.

आणि प्रश्नचिन्हं. ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हांच्या असतील तर फॉन्ट शोधत बसू नका. कुठल्या तरी टप्प्यावर, पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवताना किंवा चुकीच्या संकेतांत सेव्ह करताना, मूळ अक्षरं पुसली गेली आणि त्या जागी खरोखरच प्रश्नचिन्हं साठवली गेली. लेखकाकडे मूळ फाइल मागा, दुसरा इलाज नाही.

शेवटचा प्रकार म्हणजे मराठी दिसतंय पण मोडकं: ‘क्‌षमा’सारखा पाय मोडलेला क, किंवा वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसलेली. इथे मजकूरही बरोबर आणि बहुधा फॉन्टही बरोबर. गडबड सॉफ्टवेअरची. त्याकडे पुढे येऊ.

टीटीएफ दोन्ही, पण आतला माल वेगळा

ट्रूटाइप ॲपलने तयार केलं. ते १९९१ मध्ये मॅकच्या सिस्टिम ७ बरोबर आलं आणि १९९२ मध्ये विंडोज ३.१ मध्येही मिळालं. अक्षराची बाह्यरेषा गणिती वक्रांत साठवायची, म्हणजे ती कितीही मोठी केली तरी फाटत नाही, ही कल्पना त्याआधी ॲडोबीच्या पोस्टस्क्रिप्ट टाइप १ मध्ये होतीच. टाइप १ च्या वक्रांचं गणित घनाचं, ट्रूटाइपचं वर्गाचं. पुढे १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि ॲडोबीने मिळून ओपनटाइप जाहीर केलं: सांगाडा ट्रूटाइपचा, आत वक्र दोन्हींपैकी कुठलेही चालतील. ट्रूटाइपचे वक्र असतील तर फाइलचं एक्स्टेन्शन सहसा टीटीएफ, पोस्टस्क्रिप्टचे असतील तर ओटीएफ. दोघांत फरक म्हणून जे सांगितलं जातं ते मुळात एवढंच आहे. ओटीएफ म्हणजे नवा, टीटीएफ म्हणजे जुना, हा समज कुठून निघाला कोण जाणे, पण तो चुकीचा आहे. एखादा टीटीएफ पूर्णपणे ओपनटाइप असू शकतो. आजचे बहुतेक चांगले देवनागरी टीटीएफ तसेच आहेत.

आता मराठीची मेख. कृतिदेवची फाइल टीटीएफ आणि ‘एक टाइप’ या संस्थेच्या मुक्ता फॉन्टची फाइलही टीटीएफ. डबा तोच, एकात पोहे आणि एकात रवा. झाकण बघून काय कळणार?

फॉन्टच्या आत बऱ्याच तक्त्या असतात. त्यांतल्या ‘सीमॅप’ नावाच्या तक्तीत कोणत्या संकेतासाठी कोणतं चित्र दाखवायचं ते लिहिलेलं असतं. मुक्तात मराठी म साठी युनिकोडमधल्या म चा संकेत आहे. कृतिदेवमध्ये इंग्रजी ई च्या संकेतापुढे म चं चित्र चिकटवलेलं आहे. त्या काळी दुसरा मार्गही नव्हता. एका फॉन्टमध्ये २५६ घरं, त्यांतलीही सगळी वापरता येत नाहीत, आणि तेवढ्यात मुळाक्षरं, काने, मात्रा, अर्धी अक्षरं, रफार, जोडाक्षरं कोंबायची. म्हणून अक्षरांचे तुकडे केले, आणि प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने ते तुकडे वेगवेगळ्या घरांत ठेवले. तेव्हाची ती कामगिरी मोठीच होती. मराठी डीटीपी तिच्यावरच उभं राहिलं. पण तिचा परिणाम असा, की श्रीलिपीत टाइप केलेल्या मजकुराला कृतिदेव लावून काही उपयोग नाही आणि कृतिदेवच्या मजकुराला मुक्ता लावूनही नाही.

फॉन्ट जुन्या पद्धतीचा आहे की युनिकोडचा, हे ओळखायला कसलंही टूल लागत नाही. वर्डमध्ये नवी फाइल उघडा, कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा, तो फॉन्ट निवडा आणि ए, बी, सी, डी टाइप करा. मराठी तुकडे उमटले तर फॉन्ट जुना. इंग्रजीच उमटलं तर मराठी कीबोर्डवर जाऊन ‘क्षत्रिय’ टाइप करा. अक्षरं जुळून आली तरी फॉन्टच्या यादीच्या खिडकीत खरंच तोच फॉन्ट आहे ना, हे बघा; वर्ड गुपचूप मंगल किंवा निर्मला हा विंडोजचा फॉन्ट लावतो आणि आपल्याला वाटतं, फॉन्ट चालला.

जुना मजकूर निघाला तर

रूपांतर करा. जुना फॉन्ट इन्स्टॉल करून वेळ मारून नेता येते, पण तो मजकूर शोधता येत नाही, मोबाइलवर वाचता येत नाही, वेबसाइटवर टाकता येत नाही. कन्व्हर्टर फुकट मिळतात. फक्त मूळ फॉन्टचं कुटुंब नेमकं सांगावं लागतं.

कन्व्हर्टर चुकतात कुठे, हे समजायला दोन शब्द पुरे आहेत. कृतिदेवमध्ये ‘किती’ लिहिताना आधी एफ येतो, म्हणजे वेलांटी. मग डी म्हणजे क, आर म्हणजे त, एच म्हणजे दीर्घ वेलांटी. डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा: आधी क, मग वेलांटी. म्हणजे कन्व्हर्टरला नुसती अक्षरं बदलून भागत नाही, वेलांटी उचलून पुढच्या अक्षरामागे न्यावी लागते. आणि पुढचं अक्षर ‘स्थि’सारखं जोडाक्षर असेल तर अख्खं जोडाक्षर ओलांडावं लागतं. उलट ‘वर्ग’मध्ये कृतिदेवचा क्रम व, ग, रफार असा, युनिकोडचा व, र, हलन्त, ग. इथे रफार मागे खेचावा लागतो. ‘सर्वांनी’, ‘कार्यकर्त्यांच्या’ अशा शब्दांत रफार, जोडाक्षर, काना आणि अनुस्वार एकत्र आले की साधे कन्व्हर्टर हमखास घसरतात.

म्हणून रूपांतर झाल्यावर सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान हे शोधून तपासा: रफाराचे शब्द, ऱ्हस्व वेलांटीचं जोडाक्षर, ‘दऱ्या’ आणि ‘ऱ्हास’मधला आडवा र, ‘ॲ’ आणि ‘ऑ’. हिंदीसाठी लिहिलेल्या कन्व्हर्टरला आडव्या र ची ओळखच नसते, तो ‘दऱ्या’चं ‘दर्या’ करून मोकळा होतो. त्यात स्पेलचेकची लाल रेघही येत नाही.

आणि संपूर्ण फाइल कन्व्हर्टरमध्ये ओतू नका. लेखात मधे खरे इंग्रजी शब्द, ईमेल, वेबसाइटचे पत्ते असतात. कन्व्हर्टर त्यांनाही कृतिदेव समजून त्यांचं मराठी करतो. वर्डमध्ये ‘होम’ टॅबच्या उजव्या टोकाला ‘सिलेक्ट’ आहे. त्यात ‘सारख्या फॉरमॅटिंगचा मजकूर निवडा’ या अर्थाचा पर्याय सापडेल. त्याने फक्त जुन्या फॉन्टातला भाग उचला.

पाय मोडलेली अक्षरं

युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ घरं आहेत, ०९०० पासून ०९७एफ पर्यंत. त्यात ‘क्ष’ला घर नाही. क, हलन्त, ष अशी तीन अक्षरं साठवली जातात आणि ती पाहून ‘क्ष’चं चित्र काढायचं काम ऐन वेळी होतं. कोणत्या तिघांच्या जागी कोणतं चित्र, हे फॉन्टमधल्या ‘जीसब’ या तक्तीत लिहिलेलं असतं. मात्रा, अनुस्वार नेमके कुठे बसवायचे ते ‘जीपॉस’मध्ये. पण या तक्त्या वाचणारं इंजिन सॉफ्टवेअरमध्ये लागतं. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस यांत हार्फबझ नावाचं इंजिन आहे, विंडोजचं स्वतःचं वेगळं, ॲपलचं वेगळं. इंजिन नसेल किंवा बंद असेल तर फॉन्ट कितीही भारी आणा, ‘क्ष’ फुटणारच.

म्हणून तोच मजकूर वर्डमध्ये छान आणि इनडिझाइनमध्ये मोडलेला दिसतो. इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडा. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसमधल्या ‘टाइप’मध्ये ‘इंडिक ऑप्शन्स’ दाखवण्याची खूण करा आणि मग पॅराग्राफ पॅनेलमधून दक्षिण आशियाई कंपोझर घ्या. फोटोशॉपच्या मधल्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमध्येच टाइपचं इंजिन निवडावं लागे, आणि ते निवडल्यावर सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडावं लागे. ‘सेटिंग केलं तरी होत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांचं एवढंच राहिलेलं असतं.

पेजमेकरला यावर उपाय नाही. त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची, युनिकोडशी तिचा संबंधच नाही. ज्या प्रेसमध्ये आजही पेजमेकर चालतं तिथे जुन्या फॉन्टांशिवाय गत्यंतर नाही, आणि त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. वर्षानुवर्षांच्या पानांचे साचे त्यात अडकलेले असतात. पण त्यांच्या सोयीसाठी नवा मजकूर जुन्या फॉन्टात लिहून घेणं मला पटत नाही. लिहा युनिकोडमध्ये, प्रेसपुरतं उलटं रूपांतर करा, आणि मूळ प्रत जपून ठेवा.

याच जीसब तक्तीतून आणखी एक तक्रार निघते: ‘फॉन्ट मराठी आहे म्हणाले, पण ल आणि श हिंदीसारखे दिसतात.’ पाकळीचा ल आणि देठाचा श हे आपले आकार नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये असतात, पण ते मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितल्यावरच बाहेर येतात. वेबपानाच्या सुरुवातीला भाषेचा संकेत हिंदीचा असेल तर तो मराठीचा, म्हणजे एम आर, करा. लिब्रेऑफिसमध्ये परिच्छेदाची भाषा मराठी निवडा. ही भानगडच नको असेल तर टिरो देवनागरी मराठी वापरा. तो मराठीसाठी स्वतंत्रच बनवलेला आहे, हिंदी आणि संस्कृतसाठी त्याची वेगळी भावंडं आहेत.

एक्स्टेन्शन खरंच आडवं येतं ते कुठे

पीएफबी आणि पीएफएम अशा दोन फाइली जोडीने आल्या तर तो टाइप १ फॉन्ट. विंडोजवर दोन्ही लागतात: एकीत बाह्यरेषा, दुसरीत रुंदीची मापं. ऑफिस २०१३ ने आणि लिब्रेऑफिसच्या ५.३ आवृत्तीने त्यांना रजा दिली, आणि जानेवारी २०२३ मध्ये ॲडोबीने आपल्याच या फॉर्मॅटचा पाठिंबा काढून घेतला. परवाना देत असेल तर तो ओटीएफमध्ये बदलून घेता येतो. मात्र अक्षरांची घरं तीच जुनी राहतात. ओटीएफ झाला म्हणून फॉन्ट युनिकोडचा होत नाही.

वॉफ आणि वॉफ२ हे वेबसाठी दाबून लहान केलेले ओपनटाइपच. वॉफ २०१२ मध्ये आणि वॉफ२ २०१८ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमचं मानक झालं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फॉन्टांत कुणीतरी वेबसाइटवरून उचललेली वॉफ२ फाइल नाव बदलून टीटीएफ केलेली सापडते. विंडोज ती घेत नाही. संशय आला तर फाइल नोटपॅडमध्ये उघडा. अगदी सुरुवातीला डब्ल्यू, ओ, एफ, २ दिसलं तर ती वॉफ२. कॅपिटलमध्ये ओ, टी, टी, ओ दिसलं तर खरी ओटीएफ. टी, टी, सी, एफ असेल तर एका फाइलीत अनेक फॉन्ट बांधलेला संच. बाकीच्या गिचमिडीकडे लक्ष देऊ नका, आणि सेव्ह न करता बंद करा. अशी उचललेली वॉफ२ उलगडली तरी आत देवनागरी असेलच असं नाही. वेबसाठी लॅटिन आणि देवनागरीच्या फाइली वेगळ्या कापलेल्या असतात, आणि हाती लागलेली नेमकी लॅटिनची असते. सरळ मूळ ठिकाणाहून पूर्ण फॉन्ट उतरवा, मुक्ता, बालू, नोटो सगळे फुकट आहेत.

वेबचा विषय निघालाच आहे तर: शीर्षकात शिरोरेघ तुटून अक्षरं सुटी सुटी दिसत असतील तर फॉन्ट बदलू नका, सीएसएसमध्ये, म्हणजे पानाच्या रूपाच्या सूचनांत, अक्षरांमधलं अंतर शून्य करा. इंग्रजी मथळ्यांसाठी लावलेलं अंतर मराठीलाही लागू झालेलं असतं.

मॅकवरची डीफॉन्ट फाइल विंडोजवर चालत नाही. आणि एकाच फॉन्टचे टीटीएफ नि ओटीएफ दोन्ही टाकून ठेवू नका. नाव एकच असल्याने सॉफ्टवेअर कोणता उचलेल ते सांगता येत नाही, आणि ओळी एका मशीनवर एक तर दुसऱ्यावर भलत्याच ठिकाणी तुटतात.

टीटीएफ की ओटीएफ हा प्रश्न कामाचा ठरतो तो वर्डच्या फाइलीत फॉन्ट बांधून पाठवायचा असेल तेव्हा. ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘सेव्ह’ या वाटेने गेलं की फॉन्ट फाइलीत बांधण्याची खूण मिळते. पोस्टस्क्रिप्ट वक्रांचे ओटीएफ तिथे नेहमी साथ देत नाहीत, म्हणून टीटीएफच वापरा. काही फॉन्टांत ‘बांधायला परवानगी नाही’ अशी खूणच घातलेली असते, तेव्हा वर्ड तो फॉन्ट गुपचूप वगळतो.

पीडीएफमधून मजकूर काढताना

पीडीएफमध्ये मुळात अक्षरांची चित्रं आणि त्यांच्या जागा असतात. कोणत्या चित्राचा युनिकोड कोणता, याची यादी सोबत दिलेली असेल तरच कॉपी नीट होते. जुन्या फॉन्टच्या पीडीएफमधून पुन्हा ती इंग्रजी अक्षरंच हाती येतात, ती कन्व्हर्टरला देता येतात. युनिकोड पीडीएफमधूनही वेलांट्या आणि रफार इकडचे तिकडे होऊन येतात, कारण त्या यादीत चित्रांचा हिशोब असतो, उच्चाराच्या क्रमाचा नाही. अशा वेळी कॉपी दुरुस्त करत बसण्यापेक्षा पानं गूगल ड्राइव्हच्या किंवा टेसरॅक्टच्या मराठी ओसीआरमधून, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सोयीतून, काढणं बहुधा लवकर होतं.

प्रेसला पीडीएफ देण्याआधी अ‍ॅक्रोबॅटमध्ये कंट्रोल आणि डी दाबा आणि ‘फॉन्ट्स’चा टॅब उघडा. प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ किंवा ‘एम्बेडेड सबसेट’ लिहिलेलं हवं. नावाआधी सहा कॅपिटल अक्षरं आणि अधिकचं चिन्ह दिसलं तर घाबरू नका, वापरलेलीच चित्रं बांधली आहेत एवढाच त्याचा अर्थ. एखाद्या नावापुढे काहीच नसेल तर ती फाइल देऊ नका. प्रेसच्या मशीनवर तो फॉन्ट नसला की तिथे दुसराच बसतो आणि ते प्लेट निघाल्यावर कळतं. फॉन्ट बांधायची परवानगीच नसेल तर फक्त तेवढा मथळा आउटलाइन करून (अक्षरांच्या नुसत्या आकृत्या करून) द्या, पूर्ण अंक नको: आउटलाइन केलेल्या पानात शेवटच्या रात्री एक वेलांटी बदलायची म्हटली तरी ती ओळ नव्याने लावावी लागते.